गॅरेजच्या दाराचे डोळे

३ मार्च

ती. दादास,
ठकीचा शि. सा. न. वि. वि.

वहिनींच्या मोडलेल्या हाडाला अजून दोन महिने लागणार, हे वाचून वाईट वाटलं. त्यांचं अंथरूण, औषधं आणि वर स्वयंपाक, हे सगळं तू या वयात करतोस. तुझ्या आमटीबद्दल वहिनी काय म्हणतात ते मात्र तू सोयीस्करपणे लिहीत नाहीस.

इकडची बातमी म्हणजे लेकीला सहा आठवडे कामाच्या शिक्षणासाठी बाहेरगावी जायचं आहे आणि भिंगरीला ठेवायला दुसरं कोणी नाही. नात माझ्याकडे राहणार म्हणून मी खूश, पण लेकीचा पाय निघत नाही. माझे कान आता पार गेले. फोन तर केव्हाच सुटला. पोर पडली, रडली, तर तुला कळणार कसं, असं तिनं मला कागदावर लिहून विचारलं. मला राग आला.

तिला सगळ्यात धास्ती आहे ती गॅरेजच्या दाराची. भिंगरी साडेतीन वर्षांची आहे. ते एवढं मोठं दार आपोआप वर जाताना पाहिलं की ती सगळं सोडून तिकडे धावते. मी लेकीला सांगितलं की दार तुझ्या मामानं स्वतः बसवलंय. चाळीस वर्षं त्यानं दुसरं काही केलं नाही. तर दार सुरक्षित आहे असं दोन ओळींत लिहून पाठव. तुझ्या शब्दावर ती पोरीला ठेवेल, माझ्यावर ठेवेल असं वाटत नाही. मी थकले आहे रे, पण एवढं एक मला हवं आहे.

वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, तो पत्रातून कळू दे.
तुझी ठकी

८ मार्च

चि. ठकी हिस,
अ. उ. आ.

आमटीबद्दल तुझी वहिनी काही बोलत नाही, नुसती भिंतीकडे बघते. असो.

सोबत वेगळ्या कागदावर सहीनिशी दाखला जोडला आहे. लेकीच्या हातात दे. आता नीट वाच. भिंतीवरचं बटण पोरीच्या हाताला लागेल असं असेल तर वर घ्यायला लाव. रिमोट तिला खेळायला द्यायचा नाही, कितीही भोकाड पसरलं तरी. दार हलत असताना त्याच्याखालून कोणीही पळायचं नाही. यात तूही आलीस. वरच्या स्प्रिंगला हात लावायचा नाही, ती सुटली तर माणूस राहत नाही. आणि दार पूर्ण बंद होईपर्यंत बटणापाशी उभं राहून बघायचं. तुला ऐकू येत नाही, तेव्हा डोळ्यांनीच बघ.

चौकटीला खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर, दोन्ही बाजूंना एकेक डोळा बसवलेला असतो. त्यांच्यामध्ये काही आलं की उतरणारं दार थांबून परत वर जातं. दार खाली येत असताना बाजूला उभी राहून लांब दांड्याचा झाडू त्यांच्यामध्ये आडवा धरून पाहा. महिन्यातून एकदा हे करायचं असतं. मी गिऱ्हाइकांना सांगून सांगून थकलो, एकानं केलं असेल तर शपथ.

तुझी काळजी मला कळते. इथून निघता येत नाही, नाहीतर मीच आलो असतो. भिंगरीला गोड पापा. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा दादा

१४ मार्च
(जलद टपालानं)

चि. ठकी हिस,
अ. उ. आ.

तो दाखला फाडून टाक. दार वापरू नकोस. ते बंद असतानाच मोटरची विजेची पिन काढून ठेव आणि ये-जा पुढच्या दारानं कर. तुझ्या शेजारच्या शिवणवाल्या बाईंकडे तीनदा फोन केला, कोणी उचलत नाही. भाचीचा माझ्याकडचा नंबर जुना निघाला. म्हणून हे पत्र.

आज सकाळी तुझ्या वहिनीची खाट खिडकीकडे सरकवत होतो. खाटेचा पाय दाराच्या आड आला आणि मी खाट तशीच टाकून फोनकडे धावलो. अकरा वर्षांपूर्वी मेव्हण्यांना जिना चढवेना, म्हणून त्यांची खाट आपण गॅरेजात टाकली होती, आठवतं? खाटेचा पाय त्या डोळ्यांच्या रेषेत येत होता. दार बंदच होईना आणि गार वारा थेट त्यांच्या अंगावर. तेव्हा मी दोन्ही डोळे काढले आणि फळीवर एकमेकांसमोर चिकटपट्टीनं बांधून ठेवले. त्यांच्यामध्ये कधीच काही येणार नाही, म्हणजे दाराला वाटावं की वाट मोकळी आहे. आठ दिवसांत येऊन परत बसवतो म्हणालो होतो. मग मेव्हणे गेले. मी आलो तो दिवसकार्याला, त्या कामाला नाही, आणि पुढे विसरलो.

हीच लबाडी केली म्हणून मी एका हाताखालच्या कारागिराला कामावरून काढलं होतं. मला माझीच लाज वाटते. पोर आली असेल तर मिळताक्षणी उलट टपाली कळव.
दादा

२० मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

आधी हे वाच: भिंगरीला खरचटलंसुद्धा नाही.

लेक तेरा तारखेला पोरीला सोडून गेली. तुझा दाखला तिनं दोनदा वाचला आणि फ्रिजवर चिकटवून ठेवला. तिचा जीव भांड्यात पडलेला मी पाहिला. झाडूची परीक्षा करायची माझ्या मनात होती. पण दाखला हातात आल्यावर वाटलं, आता कशाला.

पंधरा तारखेला आम्ही कचऱ्याचा डबा बाहेर ठेवून आत आलो. भिंगरी माझ्याबरोबर आत आली हे मी पाहिलं, बटण दाबलं आणि पाठ फिरवली. तू बघत उभी राहा म्हणाला होतास. माझे गुडघे दुखत होते. थोड्या वेळानं पोरीनं माझा हात ओढला. वळून बघते तर तिची तीनचाकी दाराखाली, हँडल वाकलेलं आणि बसायची जागा चेपलेली. दार तिच्यावर दाबून थांबलं होतं. मला काही म्हणजे काही ऐकू आलं नव्हतं. पोर तीनचाकी आणायला परत गेली होती आणि दार खाली येताना बघून मागे सरली, हे तिनं मला हातवारे करून सांगितलं. मी जमिनीवर बसून तिचे हातपाय चाचपले.

मग चौकटीला तुझे डोळे शोधले. तिथे नुसती स्क्रूची भोकं. ते सापडले रंगाच्या डब्यांमागे फळीवर, चिकटपट्टीवर तुझ्या अक्षरात लिहिलेलं, 'आठ दिवसांसाठी'. दादा, ते मला नवीन नव्हते. दर वर्षी फळी आवरताना मी ते अलगद पुसून जागच्या जागी ठेवत आले. काय आहे हे कधी विचारलं नाही. तू केलेलं म्हणजे बरोबरच असणार, एवढंच माहीत. अकरा वर्षं मी तुझी चूक पुसून लख्ख ठेवली.

तुझं जलद पत्र सतरा तारखेला आलं. शिवणवाल्या बाई बहिणीकडे गेल्या आहेत. लेकीला मी पंधरालाच कोपऱ्यावरच्या दुकानदाराकरवी निरोप धाडला होता. ती दुसऱ्या दिवशी आली आणि पोरीला आपल्याबरोबर तिकडेच घेऊन गेली. तिला काय सांगायचं ते मी सांगितलं आहे, तू त्यात पडू नकोस. तुझ्याबद्दल तिच्या मनात मान आहे, तो राहू दे. घर फार शांत झालंय. मला ऐकू येत नाही, तरी ते कळतं.

वहिनींची काळजी घे. माझ्यावर रागावू नकोस, स्वतःवर त्याहून नको.
तुझी ठकी

२७ मार्च

चि. भाचीबाई हिस,
मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझा पत्ता शिवणवाल्या बाईंकडून मिळवला. तुझ्या आईनं तुला काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण तिला मी लहानपणापासून ओळखतो. दाराचे डोळे मी काढले. परत बसवायचे मी विसरलो. न बघता दाखला मी दिला. यात तुझ्या आईच्या कानांचा दोष नाही आणि हाताचाही नाही. पोर दाराखाली सापडली असती तर ते माझ्या हातून झालं असतं. हे वाचून मला हवं ते बोल, मी ऐकेन. पण तिच्याशी बोल.

तुझ्या मनात मामाला जागा उरली असेल तर ठीक, नसेल तरी आशीर्वाद आहेतच.
मामा

६ एप्रिल

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं त्या दिवसापर्यंत मी आईशी बोलत नव्हते. तिनं मला सांगितलं होतं की डोळे तिनंच काढले, दार मध्येच अडतं म्हणून, आणि मामाला यातलं काही ठाऊक नाही. मी तिला लिहून दिलं होतं की तुझ्याकडे पोर ठेवणं म्हणजे माझाच मूर्खपणा. तिनं तो कागद वाचला, घडी केली आणि मान हलवली. नात जाऊ दिली, पण तुमचं नाव घेतलं नाही.

रविवारी मी घरी गेले आणि तुमचं पत्र तिच्यापुढे ठेवलं. तिनं ते शेवटपर्यंत वाचलं. मग म्हणाली, तुझ्या बाबांना वारा लागतोय म्हणून दाराचं काहीतरी कर, असा त्याच्यामागे धोशा मीच लावला होता. त्यानं माझंच ऐकलं. मामा, मला तुमचा राग आला होता आणि अजून थोडा आहे. पण तुम्हा दोघांपुढे मी हात टेकले.

त्याच दिवशी कारागीर येऊन गेला. नवे डोळे खाली बसवले, बटण वर घेतलं आणि दार हललं की स्वयंपाकघरात लाल दिवा लागेल असं केलं, म्हणजे आईला दिसेल. झाडू मी स्वतः आडवा धरला. दार थांबलं आणि परत वर गेलं. आईनंही धरून पाहिला, चारदा.

माझं शिक्षण अजून संपलेलं नाही, म्हणून भिंगरी सोमवारपासून परत आजीकडे आहे. ती तुटकी तीनचाकी आई टाकू देत नाही. मामी उठून चालायला लागल्या की इकडे या. दाखला पाठवू नका. झाडू कोपऱ्यात ठेवला आहे, तुम्ही स्वतः धरून बघा.

मामींना नमस्कार, आणि आमच्यावरचा जीव आहे तसाच असू द्या.
तुमची भाची