निदियाचे दिवस भरलेत आणि जीप सुरू होत नाही

८ जुलै, मंगळवार
बाळ आडवं आहे! डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं — कळ आली की घरी एक मिनिट थांबायचं नाही, सरळ खाली शहरातल्या मोठ्या दवाखान्यात. दोन तासांचा कच्चा रस्ता. जावई समुद्राकडे बंदरात कामाला, तो काय उडत येणार? म्हणजे मी आणि माझी जीप.

परत येताना निदिया एक शब्द बोलली नाही. घाबरली असेल पोर. मी तिच्याहून जास्त घाबरलोय, पण सांगणार कुणाला! तिची आई रोसाल्बा दुसऱ्या बाळंतपणात गेली. खाटेवर घालून चौघे निघालो होतो, नदीच्या अलीकडेच सगळं संपलं. म्हणून तर मी ही जीप घेतली.

१० जुलै
सेल्फ मारला — टक् झालं आणि गप्प. दिवे लावून बघितले, तेही नाहीत. बॅटरीचं टर्मिनल सैल! या रस्त्यावर माणसाचे दात सैल होतात, नटाचं काय घेऊन बसलात. आवळलं. सुरू झाली. हुश्श!

१२ जुलै
आज दुसरंच. सेल्फ जोरात फिरतोय, इंजिन धरत नाही. घाबरून भलतंसलतं उघडायचं नाही, क्रमाने जायचं, असं स्वतःलाच दटावलं. आधी पेट्रोल — टाकीत आहे, कार्बोरेटरपर्यंत येतंय. मग करंट. प्लगची वायर काढून लोखंडाजवळ धरली, निदियाला म्हटलं, "मार सेल्फ." ठिणगीच नाही! मागे मागे शोधत गेलो तर कॉइलची बारीक वायर निसटलेली. मी पक्की बसवली होती. शंभर टक्के बसवली होती!

निदिया म्हणते, "जीप म्हातारी झाली, बाबा. एर्मेसला सांगून ठेवू या ना."

मी भडकलोच. एर्मेस! माझ्या जीपची कॉफीच्या पोत्यांची भाडी पळवणारा, वर चारचौघांत "तोबियासकाका, जीपला आता काठी घेऊन द्या!" म्हणणारा. त्याच्या जीपमध्ये माझी लेक? मेलो तरी नाही.

नंतर वाईट वाटलं. तिच्यावर ओरडायला नको होतं, या दिवसांत तर मुळीच नको.

१३ जुलै
सुरू केली. बंद केली. पुन्हा सुरू. असं पाच वेळा. निदिया खिडकीतून बघत होती.

१४ जुलै
एर्मेस या आठवड्यात खाली उतरलाच नाही. पोती पडून आहेत आणि त्याची जीप चर्चसमोर नुसती उभी. का? याच्या मनात आहे तरी काय?

१६ जुलै, कार्मेनमातेचा सण
आज सगळ्या गाड्या सजवून आशीर्वादाला नेतात. सव्वीस वर्षांत एकदाही चुकलो नव्हतो. पहाटेच बॉनेटवर फुलं बांधली, सेल्फ मारला — नाही. म्हटलं ठीक आहे. जीप उताराकडे तोंड करूनच लावतो आपण सगळे. ब्रेक सोडला, दुसऱ्या गिअरमध्ये टाकून क्लच सोडला — नाही! तशीच घरंगळत खाली ओढ्यापाशी जाऊन थांबली. वरून मिरवणूक हॉर्न वाजवत गेली आणि मी फुलांसकट चिखलात.

डिस्ट्रिब्यूटरची टोपी उघडली. आतला रोटर, प्लगांना ठिणगी वाटणारा तो छोटा तुकडा, गायब! तुटलेला नाही, पडलेला नाही — गायब. वायर निसटते, टर्मिनल सैल होतं. रोटर टोपी उघडून बाहेर येत नाही. कुणीतरी काढला. मग आधीचे दोन बिघाडही त्याचेच. आज कळ आली असती तर?

चर्चसमोर सगळ्यांदेखत एर्मेसची गचांडी धरली. "माझी पोर मारायची आहे का तुला?"

तो हसला नाही. नेहमी दात काढणारा माणूस, हसला नाही. "मी हात लावला असेल तर कार्मेनमाता माझे हात मोडो, काका." दोर बांधून माझी जीप वर ओढून आणली. स्वतःची जीप माझ्या अंगणात लावली आणि संध्याकाळपासून पडवीत पथारी टाकून बसलाय! निदिया त्याला गुळाचं पाणी नेऊन देते. घरात चाललंय काय?

१७ जुलै, सकाळ
रोटर निदियाकडे आहे. टर्मिनल, वायर, सगळं तिनेच केलं. शिकवलं कुणी? मीच. एर्मेसलाही तिनेच थांबवून ठेवलंय.

"त्या मंगळवारी डॉक्टरीणबाईंकडून परत येताना दगडी वळणावर तुमचे डोळे उघडे होते, बाबा, पण तुम्ही नव्हता. मी हाका मारल्या. स्टिअरिंग मी धरलं, ब्रेक मी ओढला. दरीचा काठ माझ्या दाराखाली होता. मग तुम्ही विचारलंत, भूक लागली का गं?"

म्हटलं, मला तेव्हाच सांगायचं नाही का?

"ऐकलं असतंत?"

मला काहीच आठवत नाही. काहीच नाही!

कळ आली. एर्मेसने त्याची जीप सुरू केलीय. निदियाला त्याच्या शेजारी बसवलं. मी मागे बसणार आहे.