बाथरूमच्या दाराखालची फट

१० नोव्हेंबर, सोमवार
वही दाराखालून आत आली. मागोमाग पेन. माझ्या डोक्याला साबण. रीनाचं म्हणणं, गणिताच्या बाईंनी सही मागितली, वही ओली करू नका. सही केली. ओली झाली.

ठराव: स्वतःसाठी वेळ काढणे. रीनाची आई वारल्यापासून निवांत आंघोळ नाही. मुलगी तिसरीत गेली की बापाने थोडं अंतर राखावं. तिच्याच भल्यासाठी.

१२ नोव्हेंबर
प्लॅन पक्का. रविवारी करडीची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा. रीना शनिवारपासून तिथे माझ्या आईकडे, सोमवारी परस्पर शाळेत. मी इथे तुमसरला. आंघोळ, कादंबरी, झोप, याच क्रमाने. मंडईत अर्ध्या तालुक्याच्या सोयरिकी जुळतात. त्या गर्दीत माझं काय काम?

आईला फोन केला. रविवारी घरीच राहाशीन न, एकटाच, असं तिने दोनदा विचारलं. हो म्हटलं. एकदम खूश. समजूतदार बाई.

१५ नोव्हेंबर
रीनाला करडीला सोडलं. रडेल म्हणून चॉकलेट नेलं होतं. तिने वळूनही पाहिलं नाही. उत्तम. परतीच्या एसटीत चॉकलेट मीच खाल्लं.

१६ नोव्हेंबर, सकाळ
पाणी कडक तापलं. पूर्ण शांतता. दाराखाली दोनदा वाकून पाहिलं, उगाच.

तेवढ्यात दार वाजलं. टॉवेलवरच उघडलं. करडीचे यादोराव आणि त्यांच्या घरच्या बाई. धुरपताबाईनं, म्हणजे आईनं, पाठवलं म्हणे. भाची नर्स आहे, स्थळ पाहाले आलो. चहा ठेवला. साखर सापडेना; ती कुठे असते ते रीनाला माहीत. पोरगी कुठं हाय, यादोरावांनी विचारलं. मंडईत, म्हटलं. दोघंही उठले. म्हणे, पोरगी कशी हाय, भाचीचं तिच्यासंगं जमन का, तेच तं पाहाचं होतं. तुमाले काय, पाहून झालं.

दुपार
करडीची एसटी पकडली. आठवण वगैरे नाही. उद्या शाळा आहे, शिस्त हवी.

रीना आकाशपाळण्यात. उतरेना. वरूनच विचारलं, बाबा, तुमी काहून आले? खाली उभ्या आईने माझ्याकडे पाठ फिरवून तिचं आणखी एक तिकीट काढलं.

ठराव कायम. फक्त पुढे ढकलला.

१७ नोव्हेंबर, सकाळ
रीनाला घेऊन रात्रीच परतलो. आता ती बाथरूममध्ये. आतून कडी. डब्यात काय देऊ, विचारलं. गणिताची वही दाराखालून आत सरकवली. तिने ती परत बाहेर सरकवली.