जाळीवरचं चित्र

बॉस्टन, लिंकनशर
शनिवार, ३० ऑक्टोबर २००४

प्रिय नीनाताई,

नमस्कार. आठ दिवसांत फोन नाही, निरोप नाही, तू वैतागली असशील. मी बरा आहे. आत्याला आता कसं आहे? डोळे उघडते का? वीर शाळेत जातोय ना? त्याला सांग, विनयमामा कोबीच्या फॅक्टरीत लागलाय आणि रोज त्याच्या वजनाचे कोबी सोलतो.

बॉस्टन ऐकून मी आधी खूश झालो होतो, म्हटलं नाव तरी अमेरिकेचं आहे. आलो तर चहूकडे सपाट जमीन, एक मोठं चर्च आणि कोबी. शेडमध्ये पट्ट्यावरून कोबी येतात, बाहेरची पानं काढायची आणि पुढं ढकलायचे. शेजारी पोर्तुगालचा एक म्हातारा असतो. त्याला इंग्रजी येत नाही, मला पोर्तुगीज येत नाही, त्यामुळं आमचं छान जमतं.

न सांगता निघालो याचं वाईट वाटून घेऊ नकोस. माझं तुला माहीतच आहे. कॉलेजात सहा आठवडे, स्लाऊच्या गोदामात दोन महिने, मग त्या बेकरीत किती, अकरा दिवस. आत्या म्हणायची, "विन्या, तुझ्या पायाला भिंगरी बांधूनच वहिनीनं तुला विमानात बसवलं." एवढं म्हणूनही सहा महिने घरात ठेवून घेतलं. तुझ्या बाबांचा कोट मला दिला. तोच घालून लिहितोय, इथं वारा फार आहे.

तू विचारलं होतंस की त्या आठवड्यात हीटिंगच्या गॅस बॉयलरचं काही वेगळं जाणवलं का. नाही जाणवलं. जुना होता, एवढंच. ऑगस्टमध्ये रवीनं सर्व्हिस केली होती, काय ते तोच सांगेल. त्यानं नीट केली की नाही हे मी कसं सांगणार? मी काही त्यातला जाणकार नाही.

हॉस्पिटलमध्ये माझे दोन्ही हात धरून तू जे बोललीस, ते परत कधी बोलू नकोस. तू नसतास तर आई गेली असती, वगैरे. कुणीही फोन केला असता.

एक कर. तुमच्या रीडिंगच्या घरात बॉयलरजवळ भिंतीत जाळी असेल तर तिच्यापुढं काही ठेवू नकोस. कपाट, पडदा, काही नाही. तुमचा नवा असेल तर तो बाहेरूनच हवा घेत असेल, तरी बघ. उगीच आठवलं म्हणून लिहिलं.

इथं किती दिवस आहे माहीत नाही, म्हणून पत्ता दिला नाही.

तुझा,
विनय


बॉस्टन
सोमवार, ८ नोव्हेंबर २००४

नीनाताई,

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. आज शिफ्टला गेलो नाही. सकाळपासून तीन कागद फाडले, हा चौथा. मधेच भरकटलो तरी टाकून देऊ नकोस, शेवटपर्यंत वाच.

काल दुपारी स्टॅनमोरला प्रणवला फोन केला. आपल्या मंडळातला एवढा एकच माणूस माझ्याशी अजून बोलतो. म्हणजे बोलत होता. आधी शुक्रवारच्या दिवाळीचं बोलला, मंडळाचा फराळ कुणाकडे वगैरे. मग म्हणाला, "तुला कळलं का, रवीचं लायसन्स अडकलंय. नीनाताईनं तक्रार केली. गॅसवाल्यांना बॉयलर आतून काळाकुट्ट सापडला आणि हवेची जाळी मोकळी. म्हणजे सर्व्हिसच न करता कागदावर सही केली, असं म्हणतायत. चौकशी होईपर्यंत त्यानं एका बॉयलरला हात लावायचा नाही."

मी फोनमध्ये आणखी एक नाणं टाकलं.

मग म्हणाला, "आणि आत्या शुद्धीवर आल्यात, पण डोकं ठिकाणावर नाही रे. सारखं विचारतात, देवीचं चित्र कुठं गेलं, जाळीवरचं. नीनाताई घरभर बघून आली. असलं चित्र घरात नाहीच. डॉक्टर म्हणाले, मेंदूला ऑक्सिजन कमी पडला की असे भास होतात. आता घर बंद करून त्यांना केअर होममध्ये ठेवायचं चाललंय. बुधवारी मीटिंग आहे."

नीनाताई, चित्र आहे. माझ्याकडे आहे.

आता क्रमानं सांगतो. मला जमत नाही, तरी सांगतो.

ऑगस्टमध्ये रवी आला तेव्हा तू नव्हतीस. मी टॉर्च धरून उभा होतो. त्यानं बॉयलर पूर्ण उघडला, ब्रशनं आतली नळी न् नळी साफ केली, धूर नीट वर जातोय का ते बघितलं. दोन तास घाम गाळत होता. ते मी डोळ्यांनी बघितलंय. मग स्वयंपाकघरातली बॉयलरशेजारची, देवघराच्या फळीमागची विटेएवढी जाळी दाखवून त्याच्या त्या मराठीत म्हणाला, "विनय, हा जाळी बघितला? हा कधी बंद नाय करायचा. बॉयलर हितून श्वास घेतो. फ्लेम ब्लू असला की ओके. यलो झाला की बंद कर न् मला फोन."

"आणि हिरवा झाला तर?"

"मग तू काहीतरी प्यायलायस."

आत्या केवढी हसली होती. जाताना त्यानं भिंतीला एक कार्ड चिकटवलं, मधे नारिंगी ठिपका. म्हणाला, ठिपका काळा पडला की हवेत विषारी वायू साठलाय, लगेच घराबाहेर, खिडक्या उघड्या, मग फोन. मी हो हो म्हटलं.

आता नवरात्राचं. आत्याचा अखंड दिवा तुला ठाऊक आहे. नऊ दिवस तो विझता कामा नये. तुझे बाबा गेले त्या वर्षी तिसऱ्या दिवशी विझला होता, हे तिनं मला दहा वेळा तरी सांगितलं असेल. म्हणून तर तिनं पुण्याहून काचेची चिमणी आणली, विमानात मांडीवर धरून. घटस्थापनेच्या आदल्या दिवशी ती चिमणी मी धुवायला घेतली आणि नळाखाली फोडली. रेडिओवर मॅच चालू होती, माझं लक्ष तिकडे. ती रागावलीसुद्धा नाही. "जाऊ दे रे, सांभाळून ठेवू ज्योत," एवढंच म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या माळेच्या सकाळी ती आंघोळीला गेली होती. मी चहा ठेवायला गेलो तर दिवा विझलेला. त्या जाळीतून वारा थेट ज्योतीवर यायचा. मी पटकन पेटवला. तिला कळलंच नाही. आणि आता परत विझू द्यायचा नाही म्हणून मी काय केलं, तर गेल्या वर्षीच्या कॅलेंडरचा पुठ्ठा घेतला, त्यावर देवीचं चित्र होतं, आणि तो जाळीवर चारी बाजूंनी पार्सलच्या टेपनं चिकटवला. चित्र बाहेरच्या बाजूला.

रवीचं बोलणं आठवलं नाही, असं लिहिणार होतो. आठवलं होतं. म्हटलं नऊ दिवसांचा तर प्रश्न आहे, दसऱ्याला काढून टाकू.

आत्या आंघोळ करून आली आणि चित्र बघून तिचे डोळे भरून आले. "विन्या, तुला हे सुचलं?" म्हणाली. तिला वाटलं मी देवीची आरास केली. तिनं त्या चित्राला कुंकू लावलं. मग रोज पूजा झाली की लावायची. आणि मला बोलवून दाखवायची, "बघ, यंदा ज्योत कशी स्थिर आहे. जराही हलत नाही."

खरंच हलत नव्हती.

त्याच आठवड्यात थंडी पडली आणि हीटिंग दिवसभर चालू झालं. तिचं डोकं दुखायला लागलं. म्हणाली, उपासाचं पित्त आहे. मळमळायला लागलं तेव्हा म्हणाली, साबुदाणा बाधला. तू फोनवर म्हणालीस, "आई, या वयात नऊ दिवस कशाला?" आपण सगळ्यांनी उपासावर ढकललं. माझंही डोकं सकाळी ठणकायचं. बाहेर पडलो, हाय स्ट्रीटवर दोन चकरा मारल्या की थांबायचं. मला वाटायचं, घरात बसणं मला मानवतच नाही. माझ्या भटकेपणानं मी वाचलो, ताई. ती घरात बसून माळा करत होती.

खिडक्यांच्या काचा आतून ओल्या व्हायच्या. कार्डावरचा ठिपका काळपट दिसला. मला वाटलं दिव्याची काजळी, मी बोटानं पुसायला गेलो. निघेना, तर सोडून दिलं. सातव्या दिवशी बॉयलरच्या छोट्या काचेतून आत बघितलं तर ज्योत पिवळी. दिव्यासारखीच, अगदी तशीच पिवळी, मऊ. मला वाटलं, रवीला फोन करावा. मग वाटलं, तो आला तर चित्र काढायला लावेल आणि दिवा विझेल, दोनच दिवस राहिलेत. मग बेकरीतल्या एका मुलाचा फोन आला आणि मी बाहेर गेलो.

अष्टमीला दुपारी तीनला आलो. दार उघडून हाक मारली, ओ नाही. ती देवघरासमोर कुशीवर पडली होती. गाल लालबुंद. मला वाटलं झोपलीय, इतकी बरी दिसत होती. दिवा तेवत होता.

खिडक्या उघडल्या, मागचं दार उघडलं, बॉयलर बंद केला, अँब्युलन्ससाठी ९९९ ला फोन केला. त्यांनी सांगितलं तसं तिला ओढत अंगणात आणलं. हे सगळं तुला माहीत आहे. यापुढचं माहीत नाही.

तिच्या अंगावर पांघरूण आणायला मी परत आत गेलो. आणि जाळीवरून पुठ्ठा ओरबाडून काढला. टेपसुद्धा, नखानं खरवडून, एक तुकडा राहू दिला नाही. वारा आला आणि दिवा विझला. पुठ्ठा दुमडून मी कोटाच्या आत घातला, तुझ्या बाबांच्या.

हवा यावी म्हणून काढला, हे मी स्वतःला आठ दिवस सांगितलं. पण दारं-खिडक्या उघड्या होत्या. आणि हवेसाठी काढला तर कोटात का घातला? याचं उत्तर मला पट्ट्यावर कोबी सोलतानाही येत होतं आणि झोपेतही येत होतं. मग तू कॉरिडॉरमध्ये माझे हात धरलेस. त्या नखांत अजून टेपचा चिकटा होता. तेव्हा सांगता आलं असतं. मी तुझ्याकडून चहा घेतला, प्यायलो, आणि दुसऱ्या दिवशी बॉस्टनच्या बसमध्ये बसलो.

रवीनं काही केलेलं नाही. हवाच नव्हती म्हणून काजळी धरली. उलट त्यानं सांगितलेली प्रत्येक गोष्ट खरी झाली, एकेक करून, माझ्यासमोर. त्याच्या बायकोला, पूर्वीला, आज तूच फोन कर. मी करणार होतो, पण माझा आवाज ऐकून ती फोन ठेवून देईल आणि तिचं बरोबरच असेल. चौकशीवाल्यांना मी माझ्या मोडक्या इंग्रजीत हेच सगळं लिहिलंय, खाली सही आणि पत्ता. ते पाकीट आणि हे पाकीट एकदमच टाकतोय.

आणि आत्याला भास होत नाहीत. तिला सगळं आठवतंय. आपल्या घरात काय होतं आणि काय नाहीसं झालं, हे तिच्या एकटीच्याच लक्षात आहे. तिला कुठंही ठेवू नकोस, ताई. घर तिचं आहे. मला काय करायचं ते कर, तिला त्या मीटिंगमध्ये वेडी ठरवू देऊ नकोस.

सोबत पुठ्ठा पाठवतोय. मधे घडी पडलीय, मागं जाळीच्या रेघा उमटल्यात. पुढं देवीच्या कपाळावर आणि पायांशी कुंकवाची बोटं आहेत, सात. मी मोजली. एकावर एक नाहीत, तिनं रोज नवी जागा बघून लावलीत. तिची अंगठ्याशेजारच्या बोटाची ठेवण तू ओळखशील. चौकशीवाल्यांना नंतर दे. आधी तिच्या हातात दे. काही बोलू नकोस, नुसतं दे.

मग ती विचारेल, कुठं होतं हे? तेव्हा सांग, विन्याकडे होतं. त्यानं का काढलं, असं विचारलं तर तेही सांग. आणि दिवा, तो तिनं विचारलाच, तर सांग की पहिल्यांदा दुसऱ्या माळेला विझला होता, चित्र लावायच्या आधीच. मी लपवलं. त्यात तिच्याकडून काही चुकलं नव्हतं.

पार्सल स्पेशल डिलिव्हरीनं टाकतोय, उद्या दुपारपर्यंत तुझ्या दारात येईल असं काउंटरवरची बाई म्हणाली. बुधवारच्या आत.

पत्ता पाकिटाच्या मागं पूर्ण लिहिलाय. तळमजला, मागची खोली, बेलवर नाव नाही, दार वाजवावं लागतं. पोलीस येवोत, तू ये, रवी येवो. मी शिफ्टवर असलो तर फॅक्टरीत या, मी कुठं आहे ते पोर्तुगालचा म्हातारा दाखवेल, त्याला मी खुणांनी सांगून ठेवलंय. बॅग रिकामी करून कपडे खणात लावलेत. असं मी आत्याच्या घरातही कधी केलं नव्हतं.

इथून कुठंही न जाणारा,
विनय