एकोणीस वह्या

१२ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

गुडघ्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीस, म्हणजे तो दुखतोच आहे.

आता इथलं ऐक. आमच्या कोर्टातल्या पट्टेवाले काकांना न्यायाधीशसाहेबांनी घरी बसवलं आहे. आरोप काय, तर तीन मार्चला एका दाव्याची फाइल त्यांनी हरवली. तीस वर्षांत ज्या माणसाने साधी टाचणी इकडची तिकडे केली नाही, तो! भर कोर्टात, पक्षकारांसमोर, त्यांना दुपारभर भिंतीकडे तोंड करून उभं केलं. चौकशीत दोषी ठरले तर नोकरी जाईल आणि अब्रूही.

ताई, फाइल हरवलीच नव्हती. साहेबांनीच ती घरी नेली होती आणि बोभाटा होताच दोष काकांवर ढकलला. पाच मार्चला तीच समोर ठेवून त्यांनी मला निकाल सांगितला, आणि मध्येच एका बाजूच्या वकिलांना फोन करून कळवलं, की तुमच्या मनासारखं होतंय. मी सगळं लघुलिपीत उतरवलं. पेन्सिल थांबली की मिशनच्या शाळेत लघुलिपीच्या तासाला सिस्टरांची पट्टी बोटांवर बसायची ना. तेव्हापासून कानावर काही पडलं की हात चालतोच. साहेबांना वाटायचं, मी फक्त निकाल लिहिते. चार वर्षांच्या एकोणीस वह्या माझ्या कपाटात होत्या, पानोपानी तारखा घालून.

त्या मी चौकशी अधिकाऱ्यांपुढे ठेवल्या. साहेब हसून म्हणाले, की या कोंबडीच्या पायांतून बाई वाटेल ते वाचतील. खरंच, आपली जुनी लघुलिपी आता येते कुणाला? मी तुझं नाव सांगितलं. सख्खी बहीण म्हणून साहेबांच्या वकिलाने हरकत घेतली. शेवटी ठरलं, की पान त्यानेच निवडायचं आणि आपण दोघींनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून ते उलगडायचं. येशील?

काकांसाठीच म्हणते हो. माझं काही नाही, मला साहेब नीट वागवतात.

तुझा हात डोक्यावर असाच राहू दे.

तुझी,
छकुली

१८ जून

चि. छकुलीस,
अ. उ. आ.

येशील का, असं विचारतेस? वेडाबाई, बॅग भरून दाराशी ठेवली आहे.

रोज सकाळी रेडिओवरच्या बातम्या उतरवते. पहिल्या दिवशी हवामानाचा अंदाज माझा मलाच वाचता येईना. आता बरा वेग आला आहे. तुझे भावोजी विचारतात, या वयात कसली परीक्षा देतेस. म्हटलं, परीक्षा त्या न्यायाधीशाची आहे, मी नुसती तपासणार.

घाई झाली की तू शब्दांच्या शेपट्या गाळतेस, ते मला तोंडपाठ आहे. वकिलाला हवं ते पान काढू दे. सिस्टर सांगायच्या, सात गुणिले सत्तर वेळा क्षमा करा. पण गणितात मी किती कच्ची होते, ते तू जाणतेसच.

काकांना म्हणावं, धीर धरा. आणि तू पोटभर जेवत जा.

तुझीच,
ताई

४ जुलै

चि. छकुलीस,
अ. उ. आ.

सुखरूप पोचले. स्टेशनवर तुझ्यापाशी बोलवेना, म्हणून लिहिते.

वकिलाने डोळे मिटून अकरावी वही ओढली. पान निघालं बावीस नोव्हेंबरचं. वर निकालातलं अर्धं वाक्य होतं. खाली लिहिलं होतं: ऐकू येत नाही का म्हातारे. पडलेले कागद गुडघ्यांवर बसून उचल. रडायचं ते बाहेर, इथे स्वल्पविराम दे.

आणि तू स्वल्पविराम दिला होतास. त्यापुढे निकाल सुरू, एक काना चुकलेला नाही.

नीट वागवतात म्हणे! खोटारडी. लहानपणी ताप लपवायचीस तशीच.

तुझा कागद आणि माझा कागद शेजारी ठेवले, तेव्हा शब्द न् शब्द जुळला. अधिकाऱ्यांनी सगळ्या वह्या मान्य केल्या, पाच मार्चचं पानही. मग बावीस नोव्हेंबर मला मोठ्याने वाचायला सांगितलं. मी विरामचिन्हांसकट वाचलं, सिस्टरांनी शिकवलं तसं, संथ. प्रत्येक स्वल्पविरामाला मान वर करून त्या न्यायाधीशाकडे पाहिलं. तिसऱ्याला त्याने नजर टेबलाखाली नेली. मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं.

आता तो तुझ्या दाराशी येईल, गोड बोलेल. कडी काढू नकोस.

तुझ्यावर रागावलेली,
ताई

२९ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कडी काढली मी. आधी रागावून घे, मग पुढे वाच.

रविवारी सकाळी साहेब एकटेच आले. मला अहो-जाहो करू लागले, चार वर्षांत पहिल्यांदा. कानाच्या दोषामुळे चुकीचं ऐकलं, एवढं लिहून द्या म्हणाले. काकांना एखादी सौम्य शिक्षा होईल, त्यांचं काही बिघडणार नाही. मी ऐकत होते. बऱ्याच वेळाने त्यांचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. काय लिहिता, विचारलं. मी म्हटलं, तुम्ही बोलताय तेच. चहा तसाच टाकून जिना उतरले. सोमवारी तेही पान अधिकाऱ्यांकडे दिलं.

काका निर्दोष सुटले आणि कामावर रुजू झाले. साहेबांना खुर्चीवरून उतरवलंय. त्यांच्यावरच्या खटल्याची काल पहिली तारीख होती. दारात उभं राहून पक्षकारांचा पुकारा करायचा, हे काकांचं काम. साहेब हातभर अंतरावर उभे होते. तरी काकांनी पुकारा केला: मागे 'साहेब' नाही, पुढे 'माननीय' नाही, नुसतं त्यांचं नाव आणि वडिलांचं नाव, पार जिन्याखाली ऐकू जाईल असं. साहेब हळूच म्हणाले, की मी इथेच आहे.

काकांनी समोरच्या भिंतीकडे बघत दुसऱ्यांदा पुकारलं. मग तिसऱ्यांदा.

मी साक्षीदारांच्या बाकावर होते. हात मांडीवर स्वस्थ होते, ताई. काही उतरवावंसं वाटलं नाही.

गुडघ्याला शेक दे, आणि राग गेला की कळव.

तुझी,
छकुली