मालनचं लग्न कोण लावणार

भोईवाडा, परळ, मुंबई
ता. १९ एप्रिल १९५९

आदरणीय दगडूदादास कोंडीरामचा मनापासून जयभीम.

(हात सवयीनं 'तीर्थरूप' लिहायला गेला होता. पण तीर्थं आपण सोडली, तेव्हा तुझं नुसतं रूप शिल्लक राहतं, आणि ते कागदावर उतरवण्याजोगं आहे असं वहिनीसुद्धा म्हणणार नाही. म्हणून आदरणीय.) तुझी कंबर कशी आहे? वहिनींचा खोकला? मालनला सांग, काका रोज तिची आठवण काढतो. मी खुशाल आहे.

बौद्ध रीतीनं लग्न लावायला शिकवणाऱ्या वर्गाला फी नाही, सगळं फुकट, असं मी गावभर सांगून बोटीत बसलो होतो. त्या फुकटाचा खरा हिशेब ऐक. आजवर मला पडली ती एक मिशी, दुपारची झोप, दोन्ही वेळची बिडी आणि भोईवाड्यातल्या निम्म्या शेजाऱ्यांची माया. मिशीचं असं झालं, की वर्गातली पोरं म्हणाली, "काका, ओठ दिसल्याशिवाय मास्तरांना उच्चार कळणार कसे?" मला खरंच वाटलं. नाक्यावर जाऊन उतरवून आलो तर जाईमावशीनं दार अर्धंच उघडलं आणि म्हणाली, "कोंडीराम घरात नाय, रातच्याला ये." पोरांनी चेष्टा केली होती हे दुसऱ्या दिवशी कळलं. मास्तरांना स्वतःलाच मिशी आहे, आणि चांगली झुपकेदार आहे. पण मी घाईत त्यांच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं.

तुला मुंबईची कल्पना यावी म्हणून सांगतो. जाईमावशीची खोली म्हणजे आपल्या पडवीएवढी, तीत माणसं सहा, म्हणून मी गॅलरीत झोपतो. वर्ग संध्याकाळी भरतो, देवळामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये. शिकवायला शामराव मास्तर. दिवसा म्युनिसिपालटीच्या शाळेत पोरांना गणित शिकवतात, संध्याकाळी आम्हाला पाली. वयानं माझ्यापेक्षा लहान, पण आवाजात असा दरारा की मी, हर्णैच्या धक्क्यावर हमाली करत करत कौलांचा ठेका घेतलेला माणूस, मुकादमांना गप्प बसवणारा, बाकावर गुडघे पोटाशी घेऊन "हो मास्तर" म्हणतो. विद्यार्थ्यांत सगळ्यांत थोरला मी. आपले होणारे जावई रामदास माझ्याच बाकावर बसतात. मुलगा सरळ आहे, माहीमच्या छापखान्यातलं काम सुटलं की तसाच धावत येतो. पण खरं सांगू, जरा मंद आहे. अख्खी बुद्धवंदना मला पंधरवड्यात तोंडपाठ झाली, तो अजून बोट ठेवून वाचतो. मीच त्याच्याकडून गॅलरीत घोकून घेतो. काळजी करू नकोस, माझ्या हाताखाली आहे तोवर तो तरून जाईल.

हे घोकणंच शेजाऱ्यांना जड झालं. पहाटेच उठून मी सुरू करायचो. शेजारचा माधव रात्रपाळी करून येतो. तो एकदा चादरीतूनच ओरडला, "ओ काका, माझी पाळी सुटली की तुमची पाली सुरू!" जाईमावशी चुलीपाशी बसून म्हणाली, "कोंडी, बुद्ध काय बहिरे हायत का रं? हळू म्हटलं तर पोचत नाय?" आता तूच सांग दादा, जन्मभर सनई फुंकलेला माणूस हळू म्हणणार कसा?

सनईचं नाव निघालं म्हणून लिहितो, नाहीतर लिहिणार नव्हतो. दीक्षा घेतली त्या साली आपण सनई-ढोलाचा खालूबाजा सोडला, दुसऱ्यांच्या लग्नात वाजवायचा नाही असं वाडीनं ठरवलं, आणि बरोबरच ठरवलं. पण कान कुठं दीक्षा घेतात? इथं प्रत्येक गिरणीचा भोंगा वेगळ्या पट्टीत आहे. पहाटे दोन भोंगे एकदम लागले की मला वाटतं मागून एकच सूर धरणारा आपला सूरवाला आणि मी जुळवून घेतोय, आणि आता तू ढोलावर टिपरी टाकणार. मग तू टाकत नाहीस. मी चादर डोक्यावर घेतो. समुद्र इथंही आहे, पण आपल्या खाडीवरून आवाज जसा पलीकडच्या वाडीला लागून परत यायचा, तसा इथं परत येत नाही. गेलेला आवाज गेलाच.

असो. आता मुख्य गोष्ट. इथं चाळीत दौलत जॉबर म्हणून आपल्याच तालुक्याचा, गिरणीत मुकादम असलेला माणूस राहतो. गेल्या रविवारी त्याच्या लेकीचं, सुभद्राचं लग्न होतं. लावायला मास्तर येणार होते. पण आदल्या संध्याकाळी नरे पार्कात संयुक्त महाराष्ट्राची सभा झाली, आणि भोईवाड्यातलं कुत्रंसुद्धा घरी राहिलं नाही. मास्तर तर व्यासपीठाच्या कडेला उभे राहून घोषणा देत होते. रविवारी उठले तेव्हा आवाज पार गेलेला. खडूनं पाटीवर लिहून मला दाखवलं : 'तुम्ही लावा.'

दादा, माझी छातीच फुगली. मला आपल्या वाडीतलं गेल्या सालचं लग्न आठवलं. लग्न लावणारा तालुक्याचा माणूस आलाच नाही, नव्या रीतीचे शब्द कुणालाच येत नव्हते, नवरा-नवरी संध्याकाळपर्यंत पाटावर बसून, आणि शेजारच्या वाडीतले लोक दगडी गडग्यावरून हसत होते. त्याच दिवशी मी ठरवलं होतं की मालनच्या वेळी असं होऊ द्यायचं नाही, तिचं लग्न आपल्याच घरचं तोंड लावील. बोटीवर चढताना तिला तसा शब्दही दिला. तेव्हा सुभद्राचं लग्न ही माझी रंगीत तालीमच होती.

पांढरा सदरा घालून मूर्तीपुढे उभा राहिलो, मेणबत्त्या लावल्या. तुला ठाऊकच आहे, आपण एक ओळ म्हणायची आणि मंडळींनी ती मागून म्हणायची. मी म्हटली. मागून काहीच नाही. सगळ्यांचेच गळे सभेत गेलेले! नुसती घरघर आली, कोळशावर पाणी टाकल्यासारखी. मला वाटलं माझंच चुकलं. मी आवाज चढवला. पुन्हा घरघर. आणखी चढवला. मग मला कळायच्या आत तो सूर आपल्या ठिकाणी जाऊन बसला. वरात वळणावर आली की मी जो उचलून धरायचो आणि तू मागून घुमवायचास, तो. शब्द पवित्र, एकही इकडचा तिकडे नाही, पण चाल वरातीची.

मांडवात सगळे दापोली-खेडचे. गळे गेले होते, पाय शाबूत होते. पहिला पाय जाईमावशीचा हलला. मग दौलतचा. कुणीतरी डालड्याचा रिकामा डबा मांडीवर घेतला. पुढचं काय सांगू! मास्तर समोर धावत आले, दोन्ही हात वर करून जोरजोरात हलवू लागले. त्यांना 'थांबा' म्हणायचं होतं, पण घशातून हवासुद्धा निघेना. मंडळींना वाटलं मास्तरपण उतरले! त्यांना मधे घेऊन फेर धरला. माझी ओळ संपेना, कारण मी थांबलो की माधव घोगऱ्या आवाजात म्हणे, "काका, सोडू नका!" नवरी पदरात तोंड लपवून हसत होती. लग्न मात्र लागलं, शेवटच्या शब्दापर्यंत लागलं.

दुसऱ्या दिवशी वर्गात मास्तरांनी पाटी पुढे केली. लिहिलं होतं : 'हा सूर आपल्या लोकांनी मांडवाबाहेर उभं राहून वाजवलाय. आत आणू नका.' मी मान खाली घातली. मग म्हटलं, "मास्तर, खरं आहे. आम्ही बाहेर वाजवायचो, जेवणही बाहेरच, आमच्या हातावर. पण त्यामुळेच आजवर त्या सुरावर आमचं माणूस कधी नाचलंच नव्हतं. आम्ही वाजवत असायचो ना!" मास्तरांनी पाटी पुसली. मग तिच्यावर त्या दिवसाचा धडा लिहिला.

तर असा मी भोईवाड्यात नावाजलो. जाता-येता बायका म्हणतात, "आमच्या पोरीच्या लग्नाला तुम्हीच या हां, आचार्य!" गावात हे सांगायला हरकत नाही.

वहिनींना जयभीम, मालनला आशीर्वाद.

तुझा धाकटा,
कोंडीराम

ता. क. : सुकट पाठवलीस ती पोचली. जाईमावशीनं गॅलरीत वाळत घातली आणि माझं अंथरूण आत गेलं.

आणखी ता. क. : पत्र मुळात ज्यासाठी लिहायला घेतलं ते राहूनच गेलं. वैशाखी पौर्णिमेला मालनचं लग्न धरलंय, ते दिवाळीनंतर ढकलता येईल का? शामराव मास्तर स्वतः यायला तयार आहेत, मोठ्या मनाचा माणूस. पण दादा, मी पोरीला शब्द दिलाय. कारण विचारलं तर सांग, काकाला कौलांचा मोठा ठेका लागलाय.

शेवटचं, आणि हे वाचून झालं की पत्र चुलीत घाल : काल तोंडी परीक्षा झाली. मास्तर म्हणाले, चाल न लावता नुसतं म्हणा. चाल काढली तर मला दुसरी ओळ आठवेना. पुढची परीक्षा दिवाळीत, तोवर लग्न लावायला मला मनाई आहे. आम्हा दोघांतला एकटा रामदास पास झालाय, वर्गात पहिल्या नंबरानं. आणि नवऱ्या मुलाला स्वतःचं लग्न स्वतः लावता येत नाही, हे मी मास्तरांना विचारून घेतलंय.