रिठावरची माती

१२ मे १९५५, गुरुवार

उघडलं एकदाचं! आखाड्याचं दार. कुलूप कधीच गंजून पडलं होतं, दार अडवून बसली होती आतली पऱ्हाटी. कुस्ती बंद पडल्यापासून कामरगावानं तिथं कपाशीच्या काड्याच भरल्या. जगदेवानं खांदा लावला, फुलसिंगानं लाथ घातली. धूळ उडाली, एक घूस पळाली, आणि आत कोपऱ्यात मारुती. शेंदूर काळा पडलेला. पण उभा!

मला कडुनिंबाखाली खुर्ची. श्रमदान मंडळाचा अध्यक्ष म्हणे मी. "मास्तर, तुमी बसूनच राहा. तुमी उठले का आमाले काम सोडून तुमाले धरा लागते," जगदेव म्हणाला. सगळे हसले. मीही हसलो.

आत मात्र गेलो नाही. माझा शालिग्राम गेल्यापासून तो उंबरठा मी ओलांडलेला नाही. आजही नाही.

१५ मे

छपराची टिनं उतरवली. निम्मी चाळणी झालेली. फुलसिंग तांड्यावरून आपल्या बैलबंड्या नि दहा-बारा गडी घेऊन येतो. ऊन चढलं की गावची पोरं विहिरीवर पळतात, तांड्याची टिकतात. बैठकीत ठरलंच आहे: जो राबेल तो कुस्तीच्या हौदात उतरेल, मग गावचा असो की तांड्याचा. जगदेवानंही हात वर केला होता. अर्धाच. मी पाहिलं.

आज फुलसिंग त्याला म्हणाला, "जगदेवभाऊ, नागपंचमीले पह्यली कुस्ती तुमची आन् माही."

"अबे, माह्या गुडघ्याचं वय पाय!"

"गुडघा घरी ठेवून या."

जगदेवानं मान फिरवली. हसू लपवलं असावं. वाईट माणूस नाही तो. आईवेगळा वाढला. अठरा सालच्या मानमोडीच्या तापात आई गेली तेव्हा पाळण्यातला होता. अशा माणसाला गाव हीच आई. म्हणून तो गावाला असा घट्ट धरून असतो.

१६ मे

आज धुमस चालला. जमीन ठोकतात. लघु गुरु गुरु, लघु गुरु गुरु. भुजंगप्रयात! कानांवर हात ठेवून बसलो.

१७ मे

काल का लिहिलं नाही पुढचं? लिहितो.

शालिग्राम बैठका मारताना आकडे मोजायचा आणि चुकायचा. मी म्हटलं, "अरे, मोजतोस कशाला? श्लोक म्हण. भुजंगप्रयाताच्या ओळीत चार गण, गणाला एक बैठक." मग काय! पहाटे आखाड्यातून माझ्या शाळेतल्या कविता ऐकू यायच्या, धापा टाकत, शब्द तोडत. उस्ताद कपाळावर हात मारायचे. म्हणायचे, "मास्तर, तुमचं पोट्टं कुस्ती खेळते का कीर्तन करते?" मी घरी बसून ऐकायचो. कुठं यतिभंग झाला की समजायचं, पोर दमलं.

सतरा वर्षांचा होता.

२ जून

नवी टिनं चढली. भिंतींना पांढरा हात दिला. आता हौदाची माती. तिथंच अडलं आहे. जुनी माती मेली. वाळवी, लेंड्या, काड्या. पोरांनी उपसून टाकली. आपली काळी माती चालत नाही: ओली चिकटते, वाळली की दगड होते. नदीची आणून पाहिली, तर रेती फार. पहिल्याच दिवशी कोपरं सोलली.

"लोन्यावानी माती पाह्यजे, मास्तर," जगदेव म्हणाला. "पडलं तरी वाटावं का मायच्या मांडीवर पडलो."

त्याच्या तोंडून हे शब्द!

४ जून

मिळाली! फुलसिंगानं बंड्या भरून आणली. पांढुरकी, पिठासारखी. जगदेवानं मूठभर घेऊन दाबली, सोडली. बोटांतून पाण्यासारखी ओघळली. त्यानं फुलसिंगाच्या पाठीवर थाप मारली. पहिल्यांदाच. "कुठी सापडली लेका?"

"सापडली," फुलसिंग म्हणाला. दात काढून हसला.

जगदेव गेल्यावर मी सहज विचारलं. तो खाली बघत म्हणाला, "चिंचखेडच्या रिठावरची हाय गुरुजी. बाभळीपासची. तिथची लय मऊ."

मी घरी निघून आलो. कुणीतरी मागून हाक मारली बहुतेक.

५ जून

चिंचखेडचं रीठ म्हणजे ओस पडलेलं गाव. माझ्या आजोबांच्याही आधी उठलेलं. घरं विरघळून त्यांची पांढरी झाली. पांढरी खणून आणायची चालच आहे आपल्याकडं. शेताला घालतात, भिंती लिंपतात. फुलसिंगाचं काय चुकलं? तेव्हा तांडा इथं नव्हताच. त्याला कोण सांगणार?

मानमोडीत सरण पुरलं नाही. लाकूड संपलं, खांदे देणारेही संपले. मग माणसं बंडीत घालून रिठावर नेली आणि पुरली. बाभळींपाशी. शालिग्रामलाही. मी स्वतः तापात पडून होतो, भानावर नव्हतो. रंगूबाईनं, त्याच्या आईनं, एकटीनं बैल जुंपले. शुद्धीवर आलो तेव्हा त्याचं अंथरूण झाडून ठेवलेलं होतं.

जागा मी कधी विचारली नाही. तिनं कधी सांगितली नाही. आमचा संसार त्या न विचारण्यावर चालला.

आता ती माती आखाड्यात आली आहे. तीच का? बाभळी तिथं पुष्कळ आहेत.

९ जून

कुणाला सांगायचं? जगदेवाला सांगितलं तर माती जाईल आणि तिच्यामागून तांड्याचे गडीही जातील. त्याला निमित्तच हवं आहे. ज्यांनी भिंती उभ्या केल्या, त्यांना दारातून हाकलतील. न सांगावं तर पंचमीला त्या मातीवर पोरं लोळतील. माझ्या पोरावर.

आणि रंगूबाईला समजलं तर? तिनं ते दुःख कुठं ठेवलंय ते मला ठाऊक नाही. पण ठेवलेलं आहे. ते हातानं उकरायचं?

नाही सांगत.

२० जून

बाहेर चिखल, आत नव्या छपराखाली माती चाळणं चाललेलं. मी दाराबाहेरून पाहत होतो. बांगड्यांच्या काचा निघाल्या, खापरं निघाली. मग जगदेवानं चाळणीतून काहीतरी पांढरं उचललं. बोटभर.

"कुत्र्याचं असन," म्हणाला आणि भिरकावून दिलं.

फुलसिंगानं हातातलं घमेलं खाली ठेवलं. जगदेवाची पाठ वळल्यावर तो गेला, ते उचललं, रुमालात बांधलं आणि हळूच परत हौदाच्या कोपऱ्यात पुरलं. वरून हात फिरवला. मग माझ्याकडं पाहिलं.

याला काय माहीत आहे?

२१ जून

दिवसभर एक ओळ जुळवत होतो. जुळली नाही.

८ जुलै

मातीत ताक, तेल, हळद, कापूर मुरवायचा आहे. घरोघरी सांगून आलो. आपल्या घरी मात्र सांगितलं नाही. रंगूबाई आखाड्याचा रस्ता टाळते, मारुतीच्या पाराला वळसा घालून पाण्याला जाते. इतक्या वर्षांत कधी चुकली नाही.

आणि आज तीच म्हणाली, "आपल्या घरचं ताक काहून नाई घेतलं?"

मी म्हटलं, "राहू दे."

"राहू कायले देता? जनावर दुधाचं हाय, ताक बी हाय."

मडकं डोक्यावर घेऊन स्वतः आली. हौदाच्या काठाशी बसून सगळं ओतलं. हातानं कालवलं, कणीक मळतात तसं. कोपरापर्यंत पांढरी झाली. मला दारातही उभं राहवेना. बिचारी! कशात हात घातला आहे हे तिला माहीत असतं तर!

१४ जुलै

दुपारी आखाड्यात कुणी नसतं. आज पहिल्यांदा उंबरठा ओलांडला. पाय आपणच गेले. आत गार, कापराचा वास. हौदाच्या मध्यात एक खळगा होता. नुकतंच कुणीतरी बसून उठून गेल्यासारखा. काठीनं सारखा केला.

१५ जुलै

खळगा पुन्हा तिथंच. मी सारखा केला नाही. बराच वेळ काठाशी बसलो आणि एक श्लोक म्हटला. हळू. गणाला एक श्वास.

कुणी बैठका मारल्या नाहीत. पण कुणीतरी मोजत होतं. मी वेडा झालो असेन. असू दे.

२२ जुलै, शुक्रवार

फुटलं!

चतुराबाई, गावातली सगळ्यांत म्हातारी बाई, बाजारात ओरडून सांगत सुटली: "रिठावर खड्डा कोनं केला वो? मानमोडीची मान्सं हायेत तिथं!" संध्याकाळपर्यंत गाव आखाड्यापुढं जमलं.

"मसनातली माती अंगाले लावून मारुतीपुढं उभं राहाचं?" जगदेव लालबुंद झाला होता. "म्या म्हनत होतो का नाई? दुसऱ्याच्या हाती गावाचं काम देलं का असंच होते!"

फुलसिंग पुढं आला. "माती मी आनली. जे म्हनाचं ते मले म्हना. माह्या गड्यायले नाई."

"तुले हे जागा दाखवली कोनं?"

फुलसिंगानं आत मारुतीकडं पाहिलं.

"बोल ना! का तांड्याच्या देवानं दाखवली?"

कुणीतरी हसलं. फुलसिंगाचा चेहरा मी पाहिला. त्याला उत्तर येत होतं. वर्गात उभा जन्म काढला मी. उत्तर येत असूनही न देणारं पोर मला ओळखू येतं. पण का? एका शब्दात सुटला असता!

२३ जुलै, शनिवार, दुपार

जगदेव घरी आला. ओट्यावर बसला नाही, उभ्यानंच बोलला. रंगूबाई आत होती, तिला ऐकू जात असणार.

"मास्तर, तवाचं पाह्यलेले आता तुमीच. त्या बुढीचं डोकं ठिकानावर नाई. मानसं नेमकी कुठी पुरली? बाभळीपाशी का नाई? तुमी सांगान ते खरं. पर दिवे लागाच्या आत सांगा. उद्या नागपंचमी. पंचमीले जमिनीले कुदळ लावत नाई. माती काहाडाची तर आजच काहाडाची. आन् मंग तांड्यानं उद्या इकडं पाय ठेवाचा नाई."

"आणि ती माती नसली तर?"

"तर म्या फुलसिंगच्या पाया पडन. भर आखाड्यात."

खोटं बोललो तर एक मूठ मातीखाली झाकून जाईल सगळं. खरं बोलायचं म्हटलं, तर मला खरं तरी कुठं माहीत आहे? आधी एकीला विचारावं लागेल. जे इतकी वर्षं विचारलं नाही ते. मी उठतो आणि परत बसतो. ती आत वाती वळते आहे. दारातून तिची पाठ दिसते.

२३ जुलै, दिवेलागण

विचारलं.

तिचा हात थांबला नाही. "फुलसिंगले ते जागा मीच दाखवली. कोनाले सांगजो नोको म्हनून मारुतीची आन घातली त्याले." पुढची वात घेत म्हणाली, "सतरा वर्साचं लेकरू. तिथं त्याच्याशी बोलाले कोनी नाई. इथं पोट्टे तरी येतीन."

बाहेर जगदेव कुदळ घेऊन उभा होता. मी उठायच्या आत तीच पदर सावरून ओट्यावर गेली.

"जगदेव, ऐक बाप्पा. तुही माय बी तिथंच होती. माह्या पोराच्या बाजूले. माह्याच बंडीत नेली, म्याच ठेवली."

जगदेव खाली बसला. कुदळ बाजूला ठेवली. मग पोरासारख्या आवाजात विचारलं, "काकी, माय फुलसिंगच्या कोनत्या बंडीत आली?"