भुकेसाठी कडू पाला

२ जुलै १९५९, गुरुवार
सकाळी कॉफी. दुपारी दोन घास. संध्याकाळी बाहेर तिण्णैच्या ओट्यावर बसलो.
माझी बायको अंबा जाऊन दोन महिने होत आले. माझी थोरली बहीण भामाक्का दहाव्याला तिरुवैयारूहून आली. तेरावा झाला की जाते म्हणाली होती. आज विचारले, तुझ्या घरी तुझी वाट बघत असतील ना? म्हणाली, "सेतू, ज्या दिवशी तू आपण होऊन दुसऱ्यांदा भात मागशील, त्या दिवशी बस धरते. तोवर मला हलवू नकोस."
मला दुःखबिःख नाही. नुसती भूक नाही. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत.
वर्ष संपेपर्यंत देऊळ नाही, लग्नकार्य नाही, परगाव नाही. घरात मी, अक्का आणि अक्काची माझ्या पानावरची नजर. अंबाची सगळी भांडी तिने हाताशी पडतील अशी मांडून घेतली आहेत. हिला घालवलेच पाहिजे.

५ जुलै
रीडिंग रूममध्ये इंग्लिश मासिक वाचले. डॅन्डेलियन म्हणून वनस्पती आहे. फूल पिवळे. युरोपात तिचा कोवळा, कडू पाला जेवणाआधी खातात. भूक लागते, लिव्हर सुधारते, अंगात साठलेले पाणी उतरते.
तंजावरात कुठून मिळणार? शेजारच्या राजममामींना विचारले. हसल्या. म्हणाल्या, "एवढं इंग्लिश कशाला राव? पिवळ्या फुलाची करिसलांकण्णी आहे की पाटाच्या काठी. काविळीला आमची आजी तोच पाला द्यायची."
करिसलांकण्णी म्हणजे आपला माका. फूल पिवळे, काम लिव्हरचे. म्हणजे एकच. उद्यापासून एक महिन्याचा कोर्स. नियम मोडायचा नाही.

६ जुलै
उपरणे भरून पाला आणला. अक्काने डाळ घालून भाजी केली. मी एक घास घेतला. फार कडू.
अक्का म्हणाली, "अंबाची कारल्याची भाजी जन्मभर मुकाट गिळलीस. माझ्या हातचं कडू जास्त लागतं होय?" उरलेली तिनेच संपवली. टाकवत नाही म्हणे.

९ जुलै
माझी पद्धत चुकत होती. शिजवल्याने गुण जात असणार. रिकाम्या पोटी कच्चा रस घेतला. लगेच उलटी. शरीर शुद्ध होत असल्याचे लक्षण. उरलेला रस अक्का ताकात घालून प्यायली.

१२ जुलै
प्रगती उत्तम. म्हणजे अक्काची. तिच्या पायांची जुनी सूज उतरली. आज तिने स्वतःला तीनदा भात वाढून घेतला. म्हणाली, "हा पाला आधी का रे नाही आणलास?"
माझ्यावर औषध सावकाश पण खोलवर काम करत असावे.

१४ जुलै
अडचण. गुरुवारी आषाढी एकादशी. शुक्रवारपासून शाकव्रत. महिनाभर पालेभाजी घरात येत नाही. कोर्स ठरवताना लक्षातच आले नाही. पंचांग अंबा बघायची.
औषध म्हणून चालेल, असे म्हणून पाहिले. अक्का कडाडली, "फोडणी घातलेलं औषध? फोडणीत कढीलिंबाचं पानसुद्धा पडू द्यायची नाही ती या महिन्यात. तिच्या घरात मी पाला शिजवू?"
तिचे घर म्हणाली. माझे नाही.
उरलेल्या दिवसांत डबल डोस घ्यायचा.

१५ जुलै
डबल डोस. दिवसभर मागच्या अंगणात. जास्त लिहीत नाही.

१६ जुलै
एकादशी. निर्जळी उपास. आज कोणाला काही समजावून सांगावे लागले नाही. कित्येक दिवसांत इतका स्वस्थ नव्हतो.

१७ जुलै
पारणे. एरवी द्वादशीला हादग्याचा पाला असतो, आज तोही नाही. पानात भात आणि मुगाचे वरण. ठरवूनच बसलो होतो. भुकेची वाट पाहत राहिलो तर वर्ष जाईल. चांगल्या मोठ्या आवाजात म्हणालो, "अक्का, भात वाढ."
ती भांडे घेऊन आली. पानाकडे पाहिले. म्हणाली, "पहिला तसाच आहे की रे."
म्हणालो, "असू दे. वाढ."
तिने वाढला. मग तिथेच खाली बसली. "इतकी जड झाले का रे मी तुला?"
तसे नाही म्हणायचे होते. म्हणालो, "सकाळची बस बरी पडेल. गर्दी नसते."
चुलीचा धूर फार होता. दोघांचेही डोळे चुरचुरले.

१८ जुलै
अक्काला बसवर पोचवून आलो. सूज नसल्यामुळे पायरी भराभर चढली. खिडकीतून म्हणाली, "जेव रे." बस निघाली.
सगळे ठरवल्याप्रमाणे झाले. आता माझे घर, माझी वेळ, पानाकडे बघणारे कोणी नाही. आज निश्चित भूक लागणार म्हणून भात जरा जास्तच टाकला.
बारा वाजता बसलो नाही. घाई कशाला? दोनला पान घेतले आणि परत ठेवले. मग तिण्णैवर बसलो. राजममामींनी जेवण झाले का विचारले. झाले म्हणालो.
दिवेलागणीला आत आलो. भात सकाळपर्यंत टिकावा म्हणून त्यात पाणी ओतले आणि वर झाकण ठेवले.